गाडीला चुना लावला, त्याची गोष्ट

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या मारुती जिम्नीखाली उताणा पडून तिच्या पोटाला चुना फासत होतो. बादलीत घट्टसर कालवलेला चुना, धरून राहावा म्हणून त्यात थोडा डिंक, हातात भिंती रंगवायचा जुना ब्रश. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका पिशवी घेऊन बाजारात निघाले होते, ते थांबले. वाकून म्हणाले, ‘‘विकायला काढलीस का रे? चुना गिऱ्हाइकाला लावायचा असतो, गाडीला नाही.’’

खरं तर तो उद्योग स्वतःला चुना लागू नये म्हणून चालला होता.

गाडी पाच दारांची, २०२३ साली ती भारतात आली तेव्हाच घेतलेली. मामाचं शेत वेल्ह्याच्या पुढे कानंद खोऱ्यात आहे. डांबरी रस्ता संपला की दीड किलोमीटर ट्रॅक्टरची वाट, मग एक ओढा, आणि ओढ्यापलीकडे भातखाचरांचे दोन बांध. पावसाळ्यात आम्ही ओढ्याअलीकडेच गाडी लावतो. पाणी ओसरल्यावर मात्र थेट खळ्यापर्यंत जाता येतं. म्हणजे जात होतो, पण खालून आवाज येत होते. आई मागच्या सीटवरून दरवेळी विचारायची, ‘‘काय तुटलं?’’

त्या आवाजांवर मी डोक्यात इलाज ठरवूनही टाकला होता: तीन इंचांचं लिफ्ट किट, म्हणजे गाडी तेवढी उंच करायचा संच. दोन महिने रात्री जागून व्हिडिओ बघितले. माझ्या मित्राकडे नवी थार आहे, तो प्रत्येक भेटीत सांगायचा, ‘‘दोन इंच काय करतोस, दिसणार पण नाही. तीन टाक.’’ दिसणं हा मुद्दा आम्ही दोघंही उघड बोलत नव्हतो, पण होता. उंच उठलेली, खाली जाड टायर घातलेली चौकोनी जिम्नी बघितली की पोटात कालवतं, ते खोटं कशाला सांगू.

भोसरीला एक मिस्त्री आहेत. पूर्वी सगळा धंदा जिप्सीचा, पाटे वाढव, शॅकल बदल असली कामं. आता थार आणि जिम्नी येतात. त्यांच्याकडे किटची किंमत विचारायला गेलो तर त्यांनी मलाच विचारलं, ‘‘कुठं लागती गाडी?’’

‘‘खाली.’’

‘‘खाली म्हंजे कुठं? पोटाला, हाउसिंगला का मागं?’’

मला सांगता येईना. मिस्त्री हात पुसत म्हणाले, ‘‘चुना लावा, तुमच्या वाटंनं एकदा जाऊन या, मग बोलू. आधी दुखतंय कुठं ते बघू, मग गोळी.’’

तर तो चुना.

शेतावर जाऊन आलो, आणि घरी येऊन पुन्हा गाडीखाली शिरलो. चुना पाच ठिकाणी खरवडला होता. पोटाखाली, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) जवळच्या आडव्या पट्टीवर, दोन लांबलचक ओरखडे. मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगवर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या लोखंडी कवचावर, मधल्या डिफ्रेन्शियलच्या फुगवट्याखाली, एक मोठा पुसलेला डाग. आणि मागच्या दोन्ही शॉकअपची खालची टोकं जिथे ॲक्सलला बोल्टनं बसतात ती कानं दोन्ही बाजूंना चक्क घासून चकाकत होती. पुढच्या बंपरला काही नाही. मागच्या बंपरलाही नाही.

मी फोटो पाठवले. फोनवर मिस्त्रींनी जे पाच मिनिटांत सांगितलं, ते दोन महिन्यांच्या व्हिडिओंत मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड कवचाला जोडलेली. स्प्रिंग उंच केली की चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, वर जाते, तिच्याबरोबर पोट, बॉडी, बंपर वर जातात. ॲक्सल मात्र चाकाच्या मध्यावर असतो आणि चाक जमिनीवरच राहतं. म्हणजे हाउसिंग आणि शॉकअपची कानं तीन इंचांच्या किटनं एक केसभरही उचलली जाणार नाहीत. ती उचलायची तर टायर मोठा पाहिजे, आणि टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मीच उंची मिळते.

कंपनी २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची मोकळी उंची, लिहिते. तो गाडीच्या खालच्यात खालच्या जागेपासून मोजतात, आणि अशा गाडीत ती जागा ॲक्सलचीच. स्प्रिंग बदलून तो आकडा बदलत नाही. हे कळल्यावर मला ‘आता माझा क्लिअरन्स २८५’ असं अभिमानानं सांगणारे दोनचार जण आठवले.

आता माझी वाट पुन्हा डोळ्यांपुढे आणली. ट्रॅक्टरच्या चाकोरीत मधला उंचवटा उभा राहतो, पाऊस गेल्यावर तो विटेसारखा कडक होतो, त्याच्यावर हाउसिंग घासतं. ओढ्यातल्या गोट्यांवर शॉकअपची कानं. बांध ओलांडताना पुढची चाकं उतरली आणि मागची चढायची असली की पोट. पाच डागांपैकी तीन लिफ्टनं जाणारे नव्हतेच. उरलेले दोन, पोटाचे, तेवढे जाणार होते.

त्या दोघांसाठी किती लिफ्ट लागेल, याचा हिशेब मी कागदावर मांडला. तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २२५० मिलिमीटर, आपल्या पाच दारांच्या गाडीचा २५९०. त्या ३४० मिलिमीटरपायी मधला, म्हणजे बांधावर टेकण्याचा कोन २८ अंशांवरून २४ वर आला आहे. २४ अंश आणि २५९० वरून उलटं गणित केलं तर पोटाची उंची साधारण २७५ मिलिमीटर येते. तिच्यात ४० मिळवले की कोन २७ अंशांच्या थोडा वर जातो. ७५, म्हणजे तीन इंच, मिळवले तर ३० च्या आसपास. हिशेब ढोबळ आहे, टायरची गोलाई त्यात धरलेली नाही, पण मला कौल द्यायला पुरेसा होता. चाळीस मिलिमीटरमध्ये तीन दारांची जिम्नी जवळजवळ परत मिळते. पुढच्या पस्तीसात आणखी तीन अंश मिळतात, आणि त्यांच्यासोबत काय काय येतं ते नंतर कळलं.

तरी तीन इंच मनातून जात नव्हते. ते आईनं घालवले.

बांधकामावरच्या सेंट्रिंगच्या फळ्या आणल्या, प्रत्येक चाकाखाली ७५ मिलिमीटरची थप्पी रचली, गाडी वर चढवली आणि आईला म्हटलं, बस. आई ६८ वर्षांची, उजवा गुडघा दुखरा. तिनं दाराचं हँडल धरलं, पाय उचलला, अर्ध्यात खाली ठेवला. पुन्हा उचलला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘पाट आणून ठेवत जा मग गाडीत.’’ एक फळी काढली, तशीच पुन्हा. थप्पी ४० वर आली तेव्हा ती थोडी कुरकुरली पण चढली. ज्यांना लिफ्ट करायची आहे त्यांनी पैसे देण्याआधी हा फळ्यांचा प्रयोग नक्की करावा. पार्किंगच्या तुळईचं मापही त्यातच घेऊन होतं.

उंची ठरली, आता वस्तू ठरवायची. सगळ्यात स्वस्त मार्ग स्पेसर, म्हणजे आहे त्याच कॉइल स्प्रिंगच्या डोक्यावर रबराची किंवा ॲल्युमिनियमची चकती. पंधरा हजारांच्या आत काम होतं. मी त्याच्या अगदी जवळ गेलो होतो. पण शॉकअप जुनाच राहिला तर गाडी उभी असतानाच तो ४० मिलिमीटर ओढलेला असतो. चाक खड्ड्यात खाली लोंबायला जी जागा हवी ती तेवढीच कमी होते. ओढ्यात एक चाक खड्ड्यात गेलं की ते हवेत राहणार, आणि शॉकअप वरच्या टोकाला ठणकन आपटणार. मिस्त्रींकडे एका गाडीवर हे प्रत्यक्ष बघितलं: एक मागचं चाक जॅकनं उचलत नेलं, दुसऱ्या बाजूचं चाक कुठे जमीन सोडतं ते टेपनं मोजलं. स्पेसरच्या गाडीनं काहीच न बदललेल्या गाडीच्या आधीच चाक सोडलं. उंच दिसत होती मात्र झकास.

मित्राच्या थारचं प्रकरण वेगळं आहे. तिला पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन हात, दोन्ही चाकं स्वतंत्र. तिथे स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंगसकट शॉकअपच्या, डोक्यावर चकती टाकली की चाकापाशी लिफ्ट चकतीच्या जाडीहून जास्त मिळते, कारण स्ट्रट खालच्या हाताच्या मध्ये कुठेतरी टेकतो. त्यामुळे ‘फक्त एक इंच टाकलं’ म्हणणाऱ्याच्या पुढच्या ॲक्सल शाफ्टचे सांधे भलत्याच कोनात फिरत असतात. एकाच्या गाडीचा सल्ला दुसऱ्याच्या गाडीला लावू नये हे मला तिथे पटलं. मित्राला अजून पटलेलं नाही.

मग स्प्रिंग आणि लांब शॉकअप एकत्र असलेले संच बघायला लागलो. ऑस्ट्रेलियात या गोष्टीचा मोठा उद्योग आहे, एआरबीची ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन वगैरे. तिकडच्या याद्या वाचताना एक गोष्ट लक्षात आली, ती इकडे कुणी विक्रेता विचारत नाही: गाडीवर कायम किती वजन असतं? एकाच उंचीच्या स्प्रिंग दोनतीन कडकपणात येतात. पोलादी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायचा रहाट), छतावर कॅरिअर आणि तंबू असेल तर कडक. काही नसेल तर नरम. कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीला घातली तर गाडी सांगितल्याहून जास्त उठते आणि प्रत्येक स्पीडब्रेकरवर कणा मोजते.

मी भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर गेलो. आधी अख्खी गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून. मी, भरलेली टाकी आणि हत्यारांची पेटी धरून १२९० किलो, त्यातले ६९० पुढे. काटेवाल्यानं पावतीवर माल या रकान्यात ‘लोखंड’ लिहिलं. माझ्याकडे ना विंच ना कॅरिअर. एका दुकानदारानं तरीही मला भारी स्प्रिंगच खपवायचा प्रयत्न केला, ‘‘सर, उद्या विंच लावणारच की तुम्ही.’’ त्याच्याकडे तेवढाच माल शिल्लक होता हे नंतर कळलं. मी हलक्या वजनाच्या स्प्रिंगसाठी सहा आठवडे थांबलो. संच ८५ हजारांना पडला.

मधल्या सहा आठवड्यांत कागदपत्रांची बाजू वाचून काढली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून ढळतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कडकपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं १८२अ मध्ये बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. स्प्रिंग कोणती हा रकाना नोंदणी पुस्तकात नाही, म्हणून बरेच जण निर्धास्त असतात. मी तेवढा निर्धास्त नाही. मूळ स्प्रिंग आणि शॉकअप ग्रीस लावून गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवले आहेत, विमा कंपनीला ईमेलनं कळवलं आहे. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं की सस्पेन्शन आणि स्टिअरिंगची वॉरंटी विसरा. विसरलो.

काम दीड दिवस चाललं. आधी मिस्त्रींनी चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून मापं खडूनं दारावर लिहिली. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा फसवते, म्हणून हबपासून. ड्रायव्हरची बाजू आधीपासूनच सहा मिलिमीटर खाली होती, हे मला कधी दिसलंच नव्हतं. नव्या स्प्रिंगवर पुढे ४६ आणि मागे ४३ उठली. महिनाभरानं बसून ४२ आणि ४० झाली. बंप स्टॉप, म्हणजे चाक वर येताना जिथे टेकतं ते रबरी ठोकळे, त्यांच्याखाली तुकडे वाढवले, नाहीतर लांब शॉकअप आतल्या आत ठोकला गेला असता. ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण लोंबवून तपासल्या. त्या पुरल्या, फक्त एक क्लिप हलवावी लागली. ॲक्सलला चेसिसशी आडवा बांधणारा पॅनहार्ड रॉड जास्त तिरका झाल्यामुळे ॲक्सल थोडा एका बाजूला सरकतो, म्हणून दोन्ही मडगार्डवरून गवंड्याचा ओळंबा सोडून बघितलं. सहा मिलिमीटरचा फरक. ‘‘एवढा तर नव्या गाडीलाबी असतोय,’’ म्हणून मिस्त्रींनी सोडून दिला. ७५ ची लिफ्ट असती तर ॲडजस्टेबल रॉड घ्यावाच लागला असता.

घोळ झाला तो दुसऱ्या दिवशी, पाबे घाटात.

स्टिअरिंग सरळ धरलं तर गाडी किंचित उजवीकडे जात होती, म्हणून मी ते थोडं डावीकडे धरून चालवत होतो. नवीन स्प्रिंग आहे, बसेल हळूहळू, अशी स्वतःची समजूत. खानापूर सोडून घाट चढायला लागलो. पहिल्याच मोठ्या वळणावर डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला, एका चाकाचा ब्रेक आपोआप कर्रकन धरला आणि ॲक्सिलरेटर दाबूनही इंजिन मेल्यासारखं झालं. मागून एसटी. हात थरथरले माझे. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. रुंद जागा बघून थांबलो आणि इंजिन बंद करून पाच मिनिटं नुसता बसलो.

कारण साधं होतं. चेसिस वर गेली की स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक जास्त तिरकी होते, आणि चाकं सरळ असतानाही स्टिअरिंग वाकडं बसतं. गाडीतल्या ईएसपीला, म्हणजे घसरण सावरणाऱ्या यंत्रणेला, वाटतं चालक वळतोय आणि गाडी मात्र वळत नाही, म्हणजे घसरतेय. मग ती आपल्या परीनं वाचवायला धावते. लिंकची लांबी नटनं जुळवून स्टिअरिंग मधोमध आणायचं, एवढंच काम राहिलं होतं. मिस्त्रींना फोन केला तर पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘‘जिप्सीला कुठं होता कॉम्प्युटर. चुकलं माझं. तिथंच थांबा, पोरगं पाठवतो.’’ पोरगा दोन तासांनी स्कूटरवर आला, दोन पान्यांनी वीस मिनिटांत काम उरकलं. तेवढ्या वेळात मी रस्त्याकडेची दोन कणसं खाल्ली.

ईएसपी गप्प झाली. राहिला कॅस्टर, म्हणजे पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा तिरकेपणा. ऐंशीच्या पुढे गेलं की गाडी रस्त्यावर तरंगायची, वळून आल्यावर स्टिअरिंग स्वतःहून मध्यावर येत नसे. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो आणि हात सोडूनही ती सरळ जाते, त्यात त्या तिरकेपणाचा मोठा वाटा आहे. गाडीतही तसाच कोन असतो आणि लिफ्टनं तो कमी होतो. अलाइनमेंटच्या दुकानातल्या कागदावर तो दोन अंशांहून थोडा जास्त घसरलेला दिसला. दुकानदार म्हणाला, या गाडीला कॅस्टर ॲडजस्ट होत नाही. बरोबर आहे, कंपनीनं सोयच ठेवलेली नाही. पुढच्या ॲक्सलला धरून ठेवणाऱ्या दांड्यांमध्ये, रेडियस आर्ममध्ये, मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे बुश टाकून ॲक्सल थोडा मागे कलवावा लागतो. बुश सात हजारांचे, बसवणावळ वेगळी.

तीन इंच नको म्हटल्याचा खरा आनंद मला इथे झाला. कॅस्टर परत मिळवायला ॲक्सल कलवला की डिफ्रेन्शियलचं नाक खाली जातं, आणि तिथे ट्रान्सफर केसकडून येणाऱ्या फिरत्या दांड्याचा, पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा, कोन बिघडतो. ‘२एच’मध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं ओढत असताना, पुढची हब सुटलेली असतात, तो शाफ्ट फिरतच नाही, म्हणून हायवेवर काही कळत नाही. ‘४एच’, म्हणजे चारही चाकं, टाकून साठच्या वर गेलं की गुणगुण सुरू होते. माझ्या गाडीत ती कान देऊन ऐकली तरच येते. मिस्त्रींकडे तीन इंचांची एक जिम्नी आली होती, तिच्यात बसलो तर आरशातलं मागचं दृश्य थरथरत होतं. तिच्या मालकानं नंतर वेगळा शाफ्ट, वेगळे आर्म असं करत किटइतकाच खर्च पुन्हा केला.

टायर शेवटी बदलले, खरं तर चुन्याच्या हिशेबानं ते आधी बदलायला हवे होते. मूळ १९५/८० आर १५, त्या जागी २१५/७५ आर १५ ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांचे. व्यास साडेदहा मिलिमीटरनं वाढला, म्हणजे हाउसिंगखाली मिळाले पाच. २३५/७५ घेतले असते तर वीस मिळाले असते, पण पूर्ण वळणावर कुठे ना कुठे कापाकापी करावी लागते, आणि १३४ न्यूटन-मीटरच्या इंजिनाला ते जड टायर घाटात फिरवायचे आहेत. मित्र म्हणाला, ‘‘कापायचं ना मग.’’ मी कापलं नाही. शॉकअपच्या कानांखाली मात्र चार मिलिमीटर पोलादाच्या दोन तिरक्या पट्ट्या वेल्ड करून घेतल्या, गोट्यावरून घसरून जाव्यात म्हणून. सगळ्या प्रकारात सगळ्यात स्वस्त काम ते, नऊशे रुपये.

सगळी कामं झाल्यावर पुन्हा चुना कालवला. काकांनी या वेळी वरूनच हात केला. तीच वाट, मागच्या सीटवर आई, पायाशी भाताच्या रिकाम्या गोण्या. चाकोरीत हाउसिंग एकदा खरडलं, पहिल्यासारखंच. ओढ्यात गोट्यांवर दोन्हीकडून कर्र असा लांब आवाज आला. पहिला बांध आला, पुढची चाकं उतरली, मी आणि आई दोघंही श्वास रोखून. मागची चढली. काहीच नाही. दुसरा बांध, काहीच नाही.

खळ्यावर गाडी लावून मी मामाचं घोंगडं अंथरलं आणि खाली शिरलो. पोटाखालचा चुना ब्रशच्या रेघांसकट जसाच्या तसा होता. नव्या पट्ट्यांवरचा पार गेला होता, पुढच्या कडेचा थोडा रंग आणि वेल्डिंगचा एक मणीसुद्धा. वरून आईनं विचारलं, ‘‘काय तुटलं?’’

‘‘मणी,’’ मी म्हटलं, आणि मामाकडे फाइल आहे का ते बघायला उठलो.